उजव्या पंखाचे चार पर

नेकनुरात कबुतरं उडवणारे सगळे मिळून बारा जण, आणि बारांची मतं तेरा. एकाचा दाणा दुसऱ्याला पटत नाही, दुसऱ्याची शीळ तिसऱ्याच्या कानाला टोचते. पण गेल्या मार्चात शाहीन मांज्यात अडकली तेव्हा अकरा जण जमील मोटारवाल्याच्या दुकानासमोर चहाला जमले आणि पहिल्यांदाच एका सुरात बोलले. बरं झालं, म्हणाले.

बारावा धुळाजी रस्त्याच्या पलीकडे पानटपरीला पाठ लावून उभा होता. दोन वर्षं झाली, तो जमीलच्या दुकानाची पायरी चढत नव्हता. कान मात्र इकडेच होते.

शाहीन म्हणजे ससाणा. हिचं घर बालाघाटाच्या कड्यात. सकाळी कबुतरांचा थवा वर चढला की ही त्याच्याही वरून पंख मिटून खाली सुटायची आणि एक उचलून न्यायची. त्या हिवाळ्यात तिनं जमीलची सात खाल्ली होती, धुळाजीची अकरा. मग संक्रांतीचा मांजा मोबाइलच्या टॉवरला लोंबत राहिला होता, त्यात तिचा उजवा पंख गुंतला आणि ती दोन तास उलटी टांगली गेली.

"बरी झाली की परत सोडनार म्हनं तिला," एक जण म्हणाला.

"कुटं?"

"हितंच. आपल्या डोंगरावर."

"आरं मग माजलगावच्या धरनावर न्या की! तितं बदकं लई. खाऊ दे म्हनावं पोटभर."

"सकाळी धरनावर सोडली तर सांच्याला परत हितं. तिला काय यष्टी लागती व्हय?"

म्हातारे आसाराम बशीतला चहा फुंकत होते. त्यांच्याकडे आता दोनच कबुतरं उरली होती, त्यामुळे त्यांना खरं बोलायला परवडायचं. "ससाना नसंल तर कबुतर म्हंजी कोंबडी. माझ्या बापाच्या टायमाला आभाळात ससान्याच्या दोन जोड्या होत्या. तवाची कबुतरं दिसायची न्हाईत, इतकी वर जायची. आन तुमची? छपरावरनं उतरायला शिडी लागती त्यायला."

सगळे हसले. पलीकडून धुळाजी टपरीवाल्याला सांगतोय असं दाखवत मोठ्यानं म्हणाला, "ज्यांच्या घरात लेकीच ससाने पोसतेत, त्यायला कबुतराचं काय पडलंय!"

जमीलच्या मांडीवर विहिरीच्या मोटारीचं बूड होतं आणि तो तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होता. शाहीनला टॉवरवरून सोडवून नेणारी त्याचीच पोरगी होती. त्याची मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून तार उलगडावी लागली.

अदिबा चोवीस वर्षांची. जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करून ती डोंगरावरच्या जखमी पाखराजनावरांच्या केंद्रात कामाला होती. दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी ती स्कूटी लावून आत आली, हातावरचा ओरखडा ओढणीखाली लपवला आणि जेवायला बसली. तिच्या आईनं, जरीनानं, तो लपवायच्या आधीच पाहिला होता.

"अब्बा," भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "बाजीच्या आदी कबुतराचा पर तुटला तर तुमी जोडता ना?"

जमीलचा घास हातातच राहिला.

बाजी म्हणजे उन्हाळ्यातली उडानीची शर्यत. सकाळी सोडलेलं पाखरू दिवसभर वर राहून संध्याकाळी आपल्याच छतावर उतरलं पाहिजे. आठ दिवस राहिले असताना पंखातलं एखादं लांब पीस, म्हणजे पर, मोडला तर नवा यायला दीड महिना जातो. तेव्हा मोडक्या पराचा पोकळ दांडा कापायचा, दुसऱ्या पाखराचा तसाच पर घ्यायचा, दोन्हींच्या मधे बांबूची बारीक काडी घालून चिकटवायचा. जमीलचा हात मोटारीच्या तारेवर बसलेला, त्यामुळे हे काम गावात त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं.

"शाहीनचे चार पर मोडलेत. नवे यायला पुढलं वर्ष उजाडंल आन तवर ती जगायची न्हाई. पिंजऱ्यात उभं राहून पायाला सूज आलीय. खाणं सोडलंय. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना."

"माझी सुरमई खाल्ली तिनं," जरीना चुलीपासून म्हणाली. सुरमई तिच्या ओंजळीतून दाणे खायची. "अंड्यावरनं उठून दोन घटका उडाय गेलती बिचारी."

"अम्मी, तिला काय ठाऊक सुरमई कुणाची."

"तेच म्हनते मी. नक्को ते लाड."

जमील खाली मान घालून जेवला. अदिबानं अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठायला लागली. तेव्हा जरीनाच तडकली, पण नवऱ्यावर. "आता बोला की तोंडानं! पोरगी ताटावरनं उठाय लागली. जोडू नका, पन बगून तर या!"

आमच्याकडे बायका अशाच परवानगी देतात.

दुसऱ्या दिवशी जमील दुकान बंद ठेवून डोंगरावर गेला. तीस-पस्तीस वर्षं तो ससाण्यांना शिव्या देत आला होता, पण जिवंत ससाणा हातभर अंतरावरून कधी पाहिला नव्हता. आभाळात केवढी मोठी दिसायची ती. इथे कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर कबुतरापेक्षा थोडीशीच मोठी, एक पाय वर उचलून उभी होती. डोळे काळेभोर. तिनं जमीलकडे पाहिलं आणि मान वळवून जाळीतून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे पाहायला लागली. जमीलला एकदम लाजल्यासारखं झालं.

अदिबानं तिच्या डोक्यावर लहान मुलाचा पायमोजा चढवला, तिला टॉवेलात घेतलं आणि पंख उघडून दाखवला. जमीलनं बोटानं मोजलं. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा.

"जोडता येतील. पन हिच्याच जातीचे लागतील, घारीचे चालायचे न्हाईत. दुसऱ्याच्या जागी दुसरा, तिसऱ्याच्या जागी तिसरा. आन उजव्याला उजवाच. डाव्याचा वाक उलटा असतो."

"मग कुठून आणायचे?"

जमीलनं तो पंख हलकेच मिटला. मग म्हणाला, "डावा पंख हाय माझ्याकडं."

"म्हंजे?"

"ढाबळीच्या दारावर असायचा बग, पोत्याच्या खाली. तू ल्हान होतीस."

अदिबाला आठवलं. कबुतरांच्या खुराड्यावर, ढाबळीवर, मारलेल्या ससाण्याचा पंख टांगायची जुनी रीत होती. पिल्लं तो बघत मोठी होतात, मग आभाळात सावली दिसली की पांगायला शिकतात, अशी समजूत. "तो शाहीनचा होता? अब्बा, तो घरात ठेवणं गुन्हा हाय!"

"तू हितं नोकरीला लागलीस त्याच दिवशी उतरवला ना मी," जमील घाईघाईनं म्हणाला. "पलंगाखालच्या पेटीत हाय. पन कसर लागून चाळणी झालाय. आन तसाबी डावा."

"आणि उजवा?"

"उजवा धुळाजीकडं."

बत्तीस वर्षांपूर्वी दोघंही विशीत होते. गलोलीनं दोघांनी मिळून एक शाहीन मारली, कुणाचा दगड लागला ते आजवर ठरलं नाही, म्हणून पंख वाटून घेतले. त्याच दिवशी दोघांनी एक करारही केला. तुझं पाखरू माझ्या छतावर उतरलं तर मी ते दिवस मावळायच्या आत तुझ्या दारात आणून देईन, माझं उतरलं तर तू आणायचंस. बाकी कबुतरवाले उतरलेलं पाखरू सरळ पचवतात. या दोघांनी तीस वर्षं पचवलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी वावटळीत धुळाजीची काजळी जमीलच्या छतावर उतरली. काजळी म्हणजे पांढरी मादी, डोळ्याभोवती काळी कड. उडायला गावात पहिली. त्या दिवशी जमीलच्या हातात नेमकं मोटारीचं तातडीचं काम होतं, म्हणाला सकाळी देऊ. तोवर धुळाजीनं चारचौघांत निरोप धाडला, 'मुकाट्यानं आणून दे म्हणावं.' मुकाट्यानं या शब्दावर जमील अडला. त्यानं काजळीचे पर दोऱ्यानं बांधले आणि आपल्या नराबरोबर तिची जोडी लावून टाकली. चूक दोघांची होती, पण करार जमीलनं मोडला होता, हे त्याला दोन वर्षं रोज संध्याकाळी दाणा टाकताना आठवायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काजळीला बुट्टीत घातलं. तिची दोन अंडी जरीनानं दुसऱ्या मादीखाली सरकवली. "नीट बोला," ती म्हणाली. "आन त्यानं चार शब्द सुनावले तर गप ऐका."

धुळाजीचं घर ओढ्याच्या पलीकडे, शेतात. तो लिंबाखाली मेंढ्यांची लोकर कातरत बसला होता. जमील समोर जाऊन उभा राहिला. धुळाजीनं मान वर केली नाही.

"कोन हाय गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"डोळे फुटले का?" मुक्ताबाई तांब्या घेऊन बाहेर आली. "जमीलभाई हायेत. बसा भाऊ."

बसायला काही नव्हतं. धुळाजीच्या गुडघ्याखालची मेंढी तेवढ्यात उसळली, तिची मागची लाथ कातरीला लागली. जमीलनं बुट्टी खाली ठेवली, उकिडवा बसला आणि तिचे मागचे पाय धरले. पूर्वी धरायचा तसेच. धुळाजी कातरत राहिला. ती झाली, दुसरी आली. दुसरी झाली, तिसरी आली. जमीलच्या अंगाला लोकर आणि घाम चिकटला, कमरेत कळ भरली, पण त्यानं पाय सोडले नाहीत.

तिसरी मेंढी सोडल्यावर जमील म्हणाला, "काजळी आनलीय."

"दोन वर्सानं."

"चुकलो."

"पुन्यांदा म्हन. हिला ऐकू गेलं न्हाई."

"चुकलो, वैनी."

"मला कावून मदी घेता?" मुक्ताबाई म्हणाली आणि हसू लपवत चहा टाकायला आत गेली.

धुळाजीनं बुट्टीचं झाकण जरासं उचललं, आत बोट घातलं. काजळीनं ते टोचलं. त्याचा चेहरा सैल पडला आणि ते कळू नये म्हणून तो मुद्दाम खाकरून थुंकला. "आता बोल. निस्तं कबूतर द्याय आलेला मानूस तीन मेंढरं धरत नसतो."

"तुझ्याकडचा उजवा पंख पायजे. अदिबाच्या शाहीनला चार पर जोडायचेत."

"त्या अवदसेला?" धुळाजी उठलाच. "अकरा खाल्ली बे माझी तिनं! अकरा! आन मी तिला पर देऊ? म्हंजी बाराव्याला बी येईल, माझाच पर लावून!"

"येईल."

"मग?"

"मग काय. मराय लागलीय ती पिंजऱ्यात. आभाळाकडं बगत बसती निस्ती." जमीलनं मांडीवरची लोकर झटकली. "धुळ्या, आपुन मारली तिचा नर आठवतो का? आठ दिवस वरडत फिरत होता कड्यावर."

धुळाजीनं कातरीची पाती मिटली. चुलीतल्या लाकडांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"नऊ," तो म्हणाला.

"आँ?"

"नऊ दिवस वरडला. आठव्या दिशी तू बीडला गेलतास, मोटारीचं काम शिकाय. नवव्या दिशी मी एकलाच होतो."

तो आत गेला आणि लग्नातल्या फेट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. फेटा उलगडला तसा डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. आत उजवा पंख होता, एकही पर कसरीनं न खाल्लेला, कडांना थोडा तपकिरी पडलेला, बाकी कालचा असावा तसा. जमीलला आपल्या पेटीतली चाळणी आठवली आणि तो नजर वर करू शकला नाही.

"एक अट हाय," धुळाजी म्हणाला. "मी येनार. माझा पर कसा बसतो ते मी बगनार."

केंद्राच्या डॉक्टरांनी पंख कुठून आणला ते विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

काम सकाळी दहाला सुरू झालं. डोळ्यांवर पायमोजा घातलेली शाहीन टेबलावर, अदिबाचे दोन्ही हात तिच्या अंगावर आणि पाय धुळाजीच्या मुठीत. मेंढ्या धरणारा हात म्हणून ते काम त्यानंच मागून घेतलं होतं. जमीलनं बांबूच्या काड्या घरूनच तासून आणल्या होत्या, तिधारी, म्हणजे पर आत फिरणार नाही. त्यानं मोडका दांडा कापला, नवा पर शेजारी ठेवून लांबी पाहिली, नखाएवढा जास्त कापला, पुन्हा पाहिला. गोंद शेजारच्या पराला लागू नये म्हणून खाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवला. काडी आत गेली. बाक जुळला. फुंकर मारायची नाही, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.

दुसऱ्या पराच्या वेळी शाहीननं पाय झटकला आणि मागची नखी धुळाजीच्या अंगठ्यात घुसली. रक्त टेबलावर टपटप पडलं.

"सोडू नका काका," अदिबा कुजबुजली.

"मी कुटं सोडलंय? तिनंच धरलंय मला," धुळाजी दात आवळून म्हणाला. जमीलला हसू आलं, पण हात चालू असताना हसणं परवडणारं नव्हतं.

बारा वाजेपर्यंत चार पर बसले. पंख उघडला तर काळसर राखाडी परांमधे चार तपकिरी पर वेगळे दिसत होते. धुळाजी अंगठा तोंडात धरून बघत राहिला. "जुन्या धोतराला नवा तुकडा लावतेत," तो म्हणाला, "हितं उलटंच झालं."

पुढचे वीस दिवस अदिबानं तिला लांब पिंजऱ्यात उडवलं. पायाची सूज उतरली. ती खायला लागली, आणि काय खाते ते अदिबानं घरी कधी सांगितलं नाही, जरीनानंही विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी कड्यावर तिला सोडायचं ठरलं. बाराही कबुतरवाले आले. शिव्या देतच आले, पण आले. आसारामांना तर दोघांनी हाताला धरून वर चढवलं.

अदिबानं टोपली उघडली. शाहीन काठावर क्षणभर बसली, कड्याखालच्या वाऱ्यात झुकली आणि खाली पडली. मग ती पंख मारत वर आली, गावाच्या दिशेनं लांबच लांब वळण घेतलं, आणि उन्हात ते चार तपकिरी पर सगळ्यांना दिसले. अदिबा रडत होती. जमीललाही रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. बत्तीस वर्षांपूर्वी जे खाली आलं होतं त्यातलं थोडंसं तरी आज वर गेलं, असं त्याला वाटलं.

"उजवीकडं जरा झोलती," धुळाजी म्हणाला.

"नवीन हाय. बसंल."

"बसंल," धुळाजी म्हणाला. "ढाबळी लावून घ्या रं सगळ्यांनी." पण त्यानं स्वतः लावली नाही.

काजळीचं मात्र वेगळंच चाललं. धुळाजीनं तिला महिनाभर घरातच ठेवून, दाणा घालून, मग सोडली, तर ती दोन चकरा मारून सरळ जमीलच्या छतावर जाऊन उतरली. तिचा नर तिथे होता. जमीलनं दिवस मावळायच्या आत तिला बुट्टीत घातलं आणि ओढा ओलांडून धुळाजीच्या दारात नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मुक्ताबाई म्हणाली, "नर बी घेऊन या की, दोगं बी राहतील." पण जमील म्हणाला, "नको वैनी, करार हाय," आणि धुळाजीही लगेच म्हणाला, "करार म्हंजी करार." रोज संध्याकाळी चहा होऊ लागला. कधी काजळी धुळाजीकडेच राहायची, तर त्या दिवशी जमील चुकल्याचुकल्यासारखा दुकानात बसायचा आणि जरीना म्हणायची, "जावा की तसंच! बुट्टी न्हेली न्हाई तर वाट अडवतंय का कुनी?"

जूनमधे एका संध्याकाळी काजळी जमीलच्या छतावर आली नाही. नर एकटाच कठड्यावर बसून घुमत होता. दिवस कलला. असेल तिकडेच, म्हणून जमील चप्पल घालून निघाला.

ओढ्याच्या पुलावर समोरून धुळाजी येताना दिसला. त्याच्या हातात बुट्टी होती. जमीलला बरं वाटलं, आज हाच घेऊन आला म्हणायचं. मग दोघं जवळ आले तसं जमीलला कळलं की बुट्टी हलकी आहे, हातात नुसती डुलतेय. धुळाजीनं जमीलचे रिकामे हात पाहिले. काजळी जमीलकडे असेल म्हणून तो तिला न्यायला निघाला होता.

दोघंही एकदम वर बघायला लागले. टॉवरच्या वरच्या आडव्या दांडीवर शाहीन बसली होती. नुकतंच खाऊन गळा फुगलेला होता. ती निवांत मान वळवून उजवा पंख साफ करत होती, चोचीतून एकेक पर ओढत, तपकिरी चारही.

पांढरं एक पीस वाऱ्यानं पुलापर्यंत आलं आणि कठड्याला अडकलं. धुळाजीनं ते उचललं आणि बुट्टीत टाकलं.

"बारावी," तो म्हणाला.

"तुझी बारावी न्हाई," जमील म्हणाला. "आपल्या दोगांची पैली."

शाहीन उठली, दांडीवरून सुटली आणि त्यांच्या डोक्यावरून कड्याकडे निघाली. दोघं मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"झोलत न्हाई आता," धुळाजी डोळे पुसत म्हणाला.

"न्हाई."

"चल. मुक्तानं चहा ठिवलाय."

जमीलनं त्याच्या हातातली बुट्टी आपल्या हातात घेतली आणि दोघं ओढा ओलांडून, दिवस मावळायच्या आत, धुळाजीच्या घरी गेले.